मुठीवरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे, आणि इतक्या वर्षांत माझ्याकडून एकही धाव निघालेली नाही. तुम्हाला हसू येईल, पण माझी जातच वेगळी आहे. मी बेसबॉलच्या सरावाची बॅट. सामन्यातल्या बॅटीपेक्षा अंगाने सडपातळ, उंचीने थोडी जास्त आणि वजनाला हलकी. सामना सुरू झाला की मला भिंतीला टेकवून ठेवतात. मला हातात धरतो तो संघाचा मॅनेजर, आणि मला फिरवून तो चेंडू मारतो ते आपल्याच मुलांकडे, त्यांना अडवायला आणि झेलायला शिकवण्यासाठी.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मॅनेजरांबरोबर मलाही जाळायचे ठरले होते. मी मागे कशी राहिले आणि माझ्या मुठीवर आता पट्टीचा एकच पदर का आहे, ते तुम्हाला सांगते. गोष्ट आनंदाची नाही.

माझा जन्म तोयामाच्या डोंगरातल्या एका गावात झाला. सोनचाफ्याच्या कुळातले एक झाड तिथल्या रानात वाढते, त्याचे लाकूड हलके आणि गुणी. एका म्हाताऱ्या कातार्‍याने मला लेथवर उतरवले, भुसा फुंकून टाकला आणि कानाशी धरून बोटाच्या पेराने टकटक केले.

"आवाज चांगला आहे," तो बायकोला म्हणाला. "रागीट माणसाच्या हाती पडू नये, एवढंच."

"रागीट माणसं जाड बॅट घेतात," मला कागदात गुंडाळत ती म्हणाली.

तिचे खरे ठरले. मी उत्तरेला अकिताच्या एका खोऱ्यातल्या शेतकी शाळेत आले. हाताकेयामा सेइजी तिथे भातशेती शिकवत आणि दुपारी शाळा सुटली की बेसबॉलचा संघ सांभाळत. मुले त्यांना नुसते 'सर' म्हणत. बुटके, रुंद खांद्यांचे, टोपीखाली कायम उन्हाने भाजलेले. रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नाही.

सराव असा चाले. सर होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, उभे राहत. शेजारी त्यांची मुलगी मिनोरी, पायाशी चेंडूंची बादली. दुसरीत होती तेव्हापासून हे काम तिच्याकडे होते. ती चेंडू त्यांच्या हातात देई, ते तो हलकेच वर टाकत, मला फिरवत, आणि चेंडू मातीवरून सरपटत एखाद्या मुलाकडे जाई. दोघेही एकमेकांकडे बघत नसत. सरांचा हात मागे आला की त्यात चेंडू असायचाच.

इथल्या मैदानांवर एक रीत आहे. ज्याच्या हातून चेंडू सुटतो, त्यानेच ओरडून मागायचे, "अजून एक!" कित्येक ठिकाणी ही रीत शिक्षेसारखी चालते. मुलगा मातीत कोसळेपर्यंत त्याच्याकडून ते ओरडून घेतात. सरांनी ती पार बदलून टाकली होती. मुलगा गप्प राहिला तर ते पुढचा चेंडू मारत नसत, वाट बघत. आणि त्याने मागितले की टोपी काढून त्याच्यापुढे मान लववत, जणू त्यानेच सरांवर उपकार केले आहेत.

"सर, आज पुरे," मातीत आडवा पडून ओनोदेरा म्हणायचा. तो तेव्हा संघाचा कप्तान होता आणि सगळ्यांत जाडा.

"पुरे? अरे, चेंडू तुझ्या हातापासून वीतभर लांब होता. काल हातभर होता. या हिशेबानं शुक्रवारी तू तो अडवतोस."

"शुक्रवारी पाऊस सांगितलाय."

"मग शनिवारी."

ओनोदेरा कण्हत उठायचा आणि ओरडायचा, "अजून एक!"

सामन्यापूर्वी प्रत्येक संघाला मैदानावर सरावासाठी मोजकी मिनिटे मिळतात. त्याचा शेवट ठरलेला असतो. शेवटचा चेंडू कॅचरचा, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा. तो होम प्लेटवरून उभाच्या उभा आभाळात जायला हवा आणि उभाच खाली यायला हवा. नामवंत मॅनेजरांचाही हा फटका फसतो आणि प्रेक्षकांत खसखस पिकते. सरांचा फसत नसे. आमचा संघ हरायचाच, पण तो चेंडू वर गेला की समोरच्या संघाची माणसेही टाळ्या वाजवत. "चला, जिंकलो," सर मिनोरीला हळूच म्हणत. "आता आलोच आहोत तर सामनाही खेळून घेऊ."

आता माझ्या मुठीविषयी. हिवाळाभर मैदान बर्फाखाली असे. बर्फ वितळून चिखल झाला की सर मला काढत, मुठीवरची जुनी पट्टी सोडत आणि पांढऱ्या सुती पट्टीचे नवे भेंडोळे मिनोरीपुढे ठेवत. पट्टी गुंडाळायची ती तिनेच. ती जीभ ओठांत धरून, कडेला कड लावत गुंडाळायची.

"वरून अजून एक पदर देऊ का? घसरणार नाही."

"नको. एकच पदर. हाताला लाकूड लागलं पाहिजे. जाड मूठ कोण बांधून घेतं माहीत आहे? ज्याच्या हातात जोर उरला नाही तो."

"आणि जोर आहे म्हणून घरातला एक दिवा बदलत नाहीत," स्वयंपाकघरातून किनुएबाई म्हणायच्या. त्या सरांच्या पत्नी. त्यांचे प्रेम टोमण्यांतूनच बाहेर पडे आणि सरांना ते चांगले पचत असे.

मित्रांनो, आम्ही किती हरलो ते मोजण्यात अर्थ नाही. एका उन्हाळ्यात तर इतक्या धावांनी मागे पडलो की पंचांनी सामना अर्ध्यातच संपवला. परतीच्या बसमध्ये मुले खिडकीकडे तोंड करून बसली होती. सर उठून उभे राहिले.

"लवकर सुटलो, हे एक बरं झालं. वाटेत आइस्क्रीम खाऊ. आणि ओनोदेरा, तिसऱ्या डावात तू जो चेंडू अडवलास, तसा मी जन्मात पाहिला नाही."

"सर, तो मला लागला."

"लागला. पण मागे गेला का?"

बस हसली. ओनोदेराही बरगडी दाबत हसला. घरी आल्यावर किनुएबाई म्हणाल्या, "यांच्या दारात पूर आला तर म्हणतील, अंगण धुऊन निघालं."

मिनोरी मात्र मोठी होत होती. मुलींना संघाकडून सामना खेळता येत नसे, म्हणून ती चेंडूंच्या बादलीपाशीच राहिली. ती फार वाचायची, फार कमी बोलायची. शाळेतल्या तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात आमच्या पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, खांदा सामन्यातच निकामी झाला. मुलगा वेदनेने पांढरा पडला होता, आणि सर त्याला म्हणत होते की आता तो डाव्या हाताने लिहायला शिकेल आणि त्याचे अक्षर सुधारेल. मुलगा हसला. मिनोरी हसली नाही.

त्या संध्याकाळी ती ओसरीत माझ्यावरचा चिखल पुसत होती. सर शेजारी बसून बूट काढत होते.

"बाबा, एकदा नुसतं 'वाईट झालं' म्हणा ना. पुढे काही न जोडता."

सरांनी बूट हातात धरून विचार केला. "वाईट झालं," ते म्हणाले. मग त्यांना राहवलेच नाही. "पण..."

मिनोरी उठली आणि आत गेली.

"तुमच्या जिभेला तो 'पण' चिकटलाय," किनुएबाई म्हणाल्या. "काढायला पक्कड लागेल."

पुढच्या वसंतात मिनोरी सेंदाईला गेली. तिथल्या एका ग्रंथालयात तिला नोकरी लागली. वर्षाच्या सुरुवातीला आणि पितरांच्या दिवसांत ती घरी येई. माझी पट्टी आता सर स्वतः गुंडाळू लागले. त्यांच्या हाताला ती कड जमत नसे, पण पदर एकच.

वर्षे गेली. खोऱ्यातली घरे एकेक करून बंद होत गेली. तरुण माणसे शहरात गेली, त्यांच्याबरोबर मुले गेली. शाळेत वर्ग कमी झाले, मैदानाच्या कडेने गवत आत सरकू लागले. सर निवृत्त झाले तरी संघ त्यांच्याकडेच राहिला, कारण घ्यायला दुसरे कोणी नव्हते. मग शाळा बंद होणार असे जाहीर झाले. शेवटच्या उन्हाळ्यात संघ भरेल इतकीही मुले उरली नाहीत. शेजारच्या शाळेची मुले घेऊन, दोन रंगांच्या गणवेशात, आम्ही उभे राहिलो. "लांबून बघणाऱ्याला वाटेल, आपले दोन संघ आहेत," सर म्हणाले.

त्याच वर्षीच्या वसंतात मला त्यांचा हात वेगळा लागला.

माणसे एकमेकांचे चेहरे ओळखतात. मला हात ओळखता येतो. सरांचा उजवा हात माझ्यावर कसा बसे, करंगळी आधी कशी आवळे, हे मला माझ्या लाकडाच्या रेषांइतके माहीत होते. ती करंगळी आता आवळायची आणि चेंडूपाशी पोचेपर्यंत सैल पडायची. दोनदा मी त्यांच्या हातातून निसटून गवतात जाऊन पडले. "घाम येतो," ते मुलांना म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पट्टीवरून दुसरा पदर गुंडाळला. थोड्या दिवसांनी तिसरा.

जुलैत सामना आला. दुपारचे ऊन होते. सरावाची मिनिटे संपत आली आणि शेवटचा, कॅचरचा चेंडू उरला. कॅचर तोगाशी नावाचा मुलगा होता, लांब मानेचा, शांत. सरांनी चेंडू टाकला आणि मला वर फिरवले. चेंडू मागे जाळीवर गेला. दुसरा चेंडू घेतला. तो त्यांच्या पायाशीच घरंगळला. तिसऱ्या वेळी चेंडू मला लागलाच नाही. मी हवेतून फिरले, आणि माझ्याबरोबर सरही अर्धे फिरून एका गुडघ्यावर आले.

कोणी हसले नाही. आमच्या सगळ्या मुलांनी नजर खाली घातली आणि ती आपापल्या बुटांकडे बघत उभी राहिली. प्रेक्षकांत बसलेल्या जुन्या मुलांनीही तसेच केले. इथल्या लोकांची ही सवय आहे. वडीलधाऱ्याची फजिती डोळ्यांसमोर झाली तरी ती दिसली नाही असे करायचे. सवय चांगली आहे. पण त्या दिवशी कोणीतरी वर बघायला हवे होते. सरांचा चेहरा कसा झाला होता, ते एवढ्या माणसांत एकानेही पाहिले नाही.

मग तोगाशीने तोंडावरचा जाळीचा मास्क काढला आणि तो घसा फाडून ओरडला, "अजून एक!"

जणू चेंडू त्याच्याच हातून सुटला होता.

सर उठले. बादलीकडे हात गेला, तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा वाजला. त्यांनी टोपी काढली आणि तोगाशीपुढे खूप वेळ मान लववली. मग आम्ही सामना हरलो.

त्या दुपारी मुले बसमधून उतरून घरी गेल्यावर सर मला घेऊन मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत आले. बादली उपडी घालून तिच्यावर बसले. मला दोन गुडघ्यांमध्ये उभे धरले आणि माझ्या मुठीच्या टोकावर कपाळ टेकले. 

"भीती वाटते," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. तो 'पण' आला नाही. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि माझ्या मुठीवर आणखी एक पदर चढवला. बोटांना तो ताणून धरता आला नाही, त्यामुळे त्याला सुरकुत्या पडल्या.

मित्रांनो, हे ऐकणारी मी एकटीच होते, आणि मी लाकूड.

सरांनी मला घरी आणून ओसरीत फोनशेजारी उभे केले. सप्टेंबरात मिनोरीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"सगळं उत्तम," सर म्हणाले. "थोडा बारीक झालोय, आई म्हणते शोभतं मला. भात कापून होऊ दे, मग ये. आत्ता आलीस तर कामाला लावीन." फोन ठेवल्यावर ते भिंतीला धरून उभे राहिले.

भात कापून झाला आणि सरांना इस्पितळात न्यावे लागले. मिनोरी पोचली तेव्हा ते बोलण्यापलीकडे गेले होते. नोव्हेंबरच्या शेवटी, पहिला ओला बर्फ पडला त्या दिवशी ते गेले. आजार आतून फार पसरला होता. येणारा प्रत्येक जण तिला एकच गोष्ट सांगत होता. "त्यांना कळलंसुद्धा नसेल बघा. शेवटपर्यंत हसत होते. असं मरण नशिबात लागतं." मिनोरी प्रत्येकाला वाकून नमस्कार करी आणि म्हणे, "हो. तेवढं बरं झालं."

आमच्याकडे आधी दहन होते आणि मग अस्थींपुढे बाकीचे विधी. दहनाच्या दिवशी सकाळी मोठ्या खोलीत शवपेटी उघडी होती. सर पांढऱ्या कपड्यांत, पायाशी गवती चपला. जवळच्या माणसांनी त्यांच्या आवडीच्या वस्तू आत ठेवायच्या असतात. कोणी टोपी ठेवली, कोणी शेवंतीची फुले. किनुएबाईंनी धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याची एक फोड कागदात बांधून उशाशी ठेवली. "तिकडे मिळत नसेल," त्या म्हणाल्या. "आणि मिळालं तरी नावं ठेवतील."

ओनोदेरा मला घेऊन आला. तो आता सुतारकाम करत होता आणि पूर्वीइतकाच जाडा होता. "ही सरांबरोबर गेलीच पाहिजे," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

खरे सांगते, मलाही जायचे होते. कोपऱ्यात धूळ खात उभे राहण्यापेक्षा त्या हाताशेजारी जळून जाणे मला बरे वाटत होते. पण त्या दुपारचे ते दोन शब्दही माझ्याबरोबरच जळणार होते. शेजारी एक मुलगी 'त्यांना कळलंसुद्धा नसेल' या वाक्यापुढे पुन्हा पुन्हा वाकत होती. तिला उभा जन्म वडिलांकडून जे ऐकायचे होते ते माझ्यापाशी होते, आणि ते तिला देण्याचा माझ्याकडे कोणताच मार्ग नव्हता.

अंत्यसंस्कार करणाऱ्यांचा माणूस, मोगामी, गुडघ्यावर पुढे सरकला. "माफ करा. एवढं जाड लाकूड भट्टीवाले घेत नाहीत. पूर्ण जळत नाही. पातळ तुकडे केलेत तर चालतील."

"गाडीत करवत आहे," ओनोदेरा म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

माझे लाकूड आतल्या आत आकसले.

"कर," मिनोरी शांतपणे म्हणाली. "थांब, मुठीवरची पट्टी काढून देते. करवतीत अडकेल."

तिने हात पुढे केला आणि मला मुठीपाशी धरले. आणि ती तशीच थांबली.

किती वर्षांनी तिचा हात माझ्यावर आला होता. तिची बोटे माझ्याभोवती पोचत नव्हती. तिने पकड सोडली, पुन्हा धरली.

"ही मूठ कुणी बांधली?"

"त्यांनीच," किनुएबाई म्हणाल्या. "दुसरं कोण हात लावतंय त्या सवतीला?"

"एवढी जाड?"

 मिनोरी शवपेटीच्या कडेला बसली आणि पट्टीचे टोक नखाने सोडवू लागली. वरचा पदर पांढरा होता, जवळजवळ न वापरलेला, सुरकुत्यांनी भरलेला. त्याखालच्यावर जुलैची लाल माती होती. त्याखाली घामाने पिवळा पडलेला. त्याखालच्यावर गवताचे हिरवे डाग. ती एकेक पदर सोडवून मांडीवर ठेवत होती, आणि प्रत्येक पदराशी थोडी थांबत होती. तिच्या सगळ्या वाचनात तिने असे सावकाश काही वाचले नसेल.

"तोगाशी," तिने मान वर न करता हाक मारली. तो शाळेच्या गणवेशात दाराशी बसला होता. "कधीपासून?"

"वसंतात, ताई. मे महिन्यात बॅट दोनदा हातातून सुटली. म्हणाले, घाम येतो."

"मला म्हणाले, कुकर बिघडलाय," किनुएबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "भाताला चव नाही म्हणाले. मी नवा कुकर आणला. पहिल्याच दिवशी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, आता कसा छान लागतो."

त्यांनी तोंडाला पदरासारखी बाही लावली आणि त्या भिंतीकडे वळल्या.

"म्हणजे बाबांना माहीत होतं," मिनोरी म्हणाली. "सगळा उन्हाळा."

ती रडली नाही. तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणीच त्या जुलैच्या दुपारी पाहिले नव्हते, तसे, नजर न हटवता. मग सगळ्या सुटलेल्या पट्टीचा तिने एक गोळा केला. सर्वांत आतला, गवताच्या डागांचा, वसंतातला पदर तेवढा माझ्या अंगावर राहू दिला.

"सुती आहे," ती मोगामीला म्हणाली. "ही चालेल?"

"चालेल, ताई."

तिने तो गोळा सरांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि त्यांची थंड करंगळी त्यावर आणून टेकवली.

"ओनोदेरा, करवत राहू दे."

"अहो पण ताई, सरांना तिकडे बॅट लागेल."

"मागून घेतील कुणाकडून तरी. मागायला त्यांना कधी लाज वाटली नाही."

शवगाडी भट्टीकडे जाताना शाळेवरून गेली. मिनोरीने ती मैदानापाशी थांबवली. चालक म्हणाला, फार वेळ नाही, भट्टीची वेळ ठरलेली असते. मैदानावर ओला बर्फ आणि चिखल होता. जुनी मुले, काळ्या कपड्यांत, कोणी न सांगता आपापल्या जुन्या जागांवर जाऊन उभी राहिली. ओनोदेरा तिसऱ्या कोपऱ्यात. तोगाशी प्लेटमागे, हातात त्याचा ग्लव्ह. किनुएबाई गाडीशेजारी छत्री धरून उभ्या होत्या.

मिनोरीने मला उचलले. आयुष्यभर तिने त्या जागी चेंडू दिले होते, मारला एकही नव्हता. पत्र्याच्या खोलीतून आणलेली बादली पायाशी होती. तिने चेंडू वर टाकला आणि मला फिरवले. मी हवेतून गेले. चेंडू बर्फात पडला.

"अजून एक!" तोगाशी ओरडला.

दुसरा चेंडू माझ्या टोकाला लागून चिखलात घरंगळला.

"अजून एक!" या वेळी तिसऱ्या कोपऱ्यातूनही आवाज आला.

तिसरा वर गेला. उभा नाही, तिरका, करड्या आभाळात भरकटत. तोगाशी मान मागे टाकून धावला. शाळेचे चामडी बूट चिखलात घसरले आणि तो पालथा पडला. चेंडू त्याच्या हातापासून वीतभर लांब पडला.

तो उठला. गणवेश चिखलाने माखला होता. त्याने काही ओरडायच्या आत शवगाडीचा भोंगा वाजला, लांब, एकसुरी.

मिनोरीने मला खाली टेकवले आणि तोगाशीपुढे मान लववली. मग मैदानाकडे बघत, कोणालाही उद्देशून नाही असे, ती म्हणाली, "वाईट झालं."

ती थोडी थांबली. पुढचा शब्द कोणीतरी म्हणेल म्हणून वाट बघावी, तशी. ओला बर्फ पडत राहिला.  ती गाडीत जाऊन बसली.

भट्टीच्या अंगणात मी गाडीतच होते. आत मायलेकींनी रीतीप्रमाणे लांब काड्यांच्या दोन जोड्यांनी एकेक अस्थी मिळून उचलली आणि कलशात ठेवली. परत आल्यावर किनुएबाई एवढेच म्हणाल्या, "हाडं भक्कम होती." 

शाळा आता बंद आहे. मैदानावर गवत आहे. मी सेंदाईत, मिनोरीच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाशेजारी दाराआड उभी असते. कधी कधी कामावर निघताना ती बूट घालते, मला मुठीपाशी धरते, थोडी दाबून बघते आणि ठेवून देते. मुठीवर एकच पदर आहे. हाताला लाकूड लागते. रविवारी ती आईला फोन करते, आणि किनुएबाई "मला काय धाड भरलीये" म्हणाल्या की ती त्याच आठवड्यात गाडी पकडून अकिताला जाते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून, जपून ठेवा असे मी तुम्हाला सांगायला हवे होते. पण वस्तूंचे काय, आम्ही धूळ खातही उभ्या राहतो. तुमच्या घरात कोणी सदान्‌कदा हसत असेल, 'मी उत्तम आहे' म्हणत असेल, तर त्याच्या शब्दांवर जाऊ नका. आदर राखायचा म्हणून नजरही खाली घालू नका. त्याचा हात हातात घ्या आणि त्याची पकड कशी आहे ते बघा. सैल लागली तर विचारा, आणि तो हसून टाळू लागला तर पुन्हा विचारा.

मला हात कळत होता, बोलता येत नव्हते. तुम्हाला दोन्ही येते.